खांद्यानं निवडलेल्या काठ्या

गोल्फ मला कधीच आला नाही. हे मी नम्रपणे बोलतोय असं कोणी समजू नये. त्या माळावर चांगला खेळणारा तसा एकही नव्हता, आणि त्या सगळ्यांत मी शेवटचा होतो, म्हणजे बघा. तरी दर ऐतवारी मी जायचो. कारण माझ्या वडिलांना, डोळे जायच्या आधी, माझ्या हातून मारलेला एक बॉल आभाळात चढताना पाहायचा होता. कोणाला मुलाचं घर पाहायचं असतं, कोणाला नातवाचं तोंड. आमच्या बाबांनी ही दोन्ही पाहिली होती. आता त्यांना हे पाहायचं होतं.

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. एका बाजूला भट्ट्या पेटलेल्या, दुसऱ्या बाजूला अजून पाये खोदणं चाललेलं. मी ड्रॉइंग ऑफिसात होतो. सेक्टरमधला आमचा क्वार्टर इतका नवा की भिंतीला टेकलं तर पाठीला चुना लागायचा. रस्त्याकडेला लावलेली झाडं गुडघ्याएवढी होती, त्यामुळे सावली हवी तर घरात बसा. अशा गावात, कलकत्त्याकडे राहून आलेल्या दोघातिघा अधिकाऱ्यांनी रिसालीच्या बाजूच्या मुरमाड माळावर गोल्फ सुरू केला. गवत औषधालाही नव्हतं. ज्या भोकात बॉल घालायचा त्याच्याभोवती मखमली हिरवळ असावी लागते म्हणे. आमच्याकडे तिथं वाळूचं वर्तुळ होतं, आणि वाळू उडू नये म्हणून तिच्यावर कारखान्यातलं जळकं तेल ओतायचे. बॉल त्यावरून घरंगळला की काळाकुट्ट आणि चिकट होऊन निघायचा. पुढे एका मासिकात विलायतेतल्या मैदानाचं चित्र पाहिलं, तेव्हा कुठे मला कळलं की हा खेळ हिरव्या रंगाचा आहे.

बाबांना मात्र हे सगळं माहीत होतं. त्यांची हयात कामठीच्या छावणीत गोऱ्या साहेबांच्या काठ्या वाहण्यात गेली. काठ्या म्हणजे गोल्फ खेळायच्या. आमच्या घरात त्यांना दुसरं नाव कधी पडलं नाही. चामड्याच्या लांब बॅगेत त्या भरायच्या, बॅग खांद्यावर घ्यायची, साहेबाच्या मागे चालायचं, मागेल ती काठी द्यायची, घ्यायची, पुसायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बॉलवर नजर ठेवायची. बॉल हरवला तर दोष साहेबाचा नसायचा. बाबांची नजर घारीची होती, असं कामठीतले जुने लोक सांगायचे.

त्या बॅगवाल्यांचा एक नेम होता. साहेबाची काठी फिरवून पाहायची नाही. साहेब पाठमोरा असला तरी नाही, गमतीनंसुद्धा नाही. बाबांच्या तरुणपणी एकानं झाडाआड उभं राहून एकदाच काठी फिरवली, ती दगडावर बसली आणि वाकली. त्याचं काम गेलं ते गेलंच, त्याच्या भावांचंही गेलं. ती गोष्ट बाबा सांगायचे तेव्हा आवाज खाली आणायचे, इतक्या वर्षांनीसुद्धा.

नागपूरला जाऊन अख्ख्या वस्तीबरोबर त्यांनी दीक्षा घेतली, त्या दिवसापासून बाबा कोणापुढे वाकले नाहीत. देव्हारा काढला, गंडेदोरे काढले. आई गेल्यावर मी त्यांना भिलाईला आणलं, तर इथं ते ताठ मानेनं सुपेल्याच्या बाजारात फिरायचे आणि भाजीवाल्याला विचारलेलं नसताना सांगायचे की आपला पोरगा प्लांटमध्ये नक्शे काढतो. एका संध्याकाळी फिरून आले ते धापा टाकतच.

“अरे, तिकडे गोल्फ खेळून राहिले!”

“मले माहीत हाय, बाबा.”

“कोणाले खेळू देते?”

“ज्याच्यापाशी काठ्या असन त्याले. प्लांटचा कोणीबी ऑफिसर.”

बाबा खाटेवर बसले. बराच वेळ चप्पल काढायचंही सुचलं नाही त्यांना. मग म्हणाले, “मंग तू कावून नाही खेळत?”

खेळायची इच्छा नाही, हे उत्तर त्या चेहऱ्यासमोर तोंडातून निघेना.

काठ्या कुठून आणायच्या याची सोय बाबांनीच लावली. कामठीजवळ मँगनीजच्या खाणीचा एक गोरा मॅनेजर देश सोडून चालला होता आणि बंगल्यातलं सामान विकत होता. बाबांच्या ओळखीचा खानसामा अजून तिथं होता, त्यानं निरोप धाडला. आम्ही दुर्गहून पॅसेंजर पकडून गेलो. बंगल्याच्या व्हरांड्यात खुर्च्या, आरसे, बाळाची पाळणागाडी मांडली होती, आणि भिंतीला टेकून काठ्यांच्या दोन बॅगा. एक साहेबाची, एक त्याच्या मेमसाहेबाची.

साहेब चांगला दाराच्या चौकटीएवढा उंच होता. मी आहे बेताचा. वर्गात कायम पुढच्या बाकावर बसवलेला. कोणीही शहाण्या माणसानं मेमसाहेबाच्या काठ्या उचलल्या असत्या. त्या हलक्या होत्या, आखूड होत्या, माझ्या मापाच्या होत्या. मी तिकडे हात नेला तर बाबा दातओठ खाऊन पुटपुटले, “बाईच्या काठ्या घेऊन खेळशीन का?”

मग त्यांनी साहेबाची बॅग उचलली. पट्टा खांद्यावर घेतला, बॅग पाठीशी जरा तिरपी केली, आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. वळले. परत आले. खांदा एकदा उडवून आत काठ्या कशा खुळखुळतात ते कान देऊन ऐकलं. साहेब हसत पाहत होता. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. नवरी पाहायला गेलेल्या वडीलधाऱ्यासारखे ते गंभीर होते.

“खांद्यावर बसते,” ते म्हणाले. “हेच घ्याची.”

आणि आम्ही घेतल्या. आम्हा दोघांपैकी एकानंही त्यातली एक काठी बाहेर काढून, हातात धरून फिरवून पाहिली नाही. मला काही कळत नव्हतं म्हणून, आणि बाबांना ते कधी करायचंच नव्हतं म्हणून. काठी चांगली की वाईट हे त्यांना आयुष्यभर खांद्यानंच कळलं होतं. गाडीत येताना बॅग त्यांनी मांडीवर आडवी घेतली होती आणि कोणी धक्का दिला की त्याच्यावर डोळे वटारत होते.

माझ्या हालअपेष्टा पुढच्या ऐतवारपासून सुरू झाल्या. काठी एवढी लांब की नीट उभं राहिलो तर तिचं टोक बॉलच्या पुष्कळ पुढे जायचं, आणि मागे सरकलो तर बॉल परगावी असल्यासारखा दिसायचा. मी काठी मारायचो, ती आधी मुरमावर आपटायची, मनगटापासून दाढेपर्यंत झिणझिण्या यायच्या. बॉल दोन हात जायचा. कधी जायचाच नाही. कधी लाकडाच्या डोक्याची ती मोठी काठी घेऊन सगळा जोर लावला तर बॉल जमिनीला चिकटून, उंदरासारखा, पळत जाऊन झुडपात बसायचा. वर म्हणून तो कधी गेला नाही.

तरीही मला मजा यायची. हे मी मान्य करतो, कारण नाही केलं तर पुढचं कळणार नाही. पहाटेचा माळ मोकळा असायचा. उतईकडून गाई यायच्या आणि आमच्या खेळाच्या मधून निवांत जायच्या. हवेत गारवा, जळक्या तेलाचा वास, पळस फुलला असला तर कडेला लाल रेघ. आठवडाभर कागदावर सरळ रेषा ओढणाऱ्या माणसाला त्या वाकड्यातिकड्या चालण्यात सुख वाटायचं. बाबा खांद्यावर बॅग घेऊन पुढे. ती मला त्यांनी कधी घेऊ दिली नाही. मी भांडलो, बायको भांडली. “मामाजी, लोक काय म्हणतीन? पोरगा बापाच्या खांद्यावर ओझं देते म्हणतीन,” ती म्हणाली. बाबा म्हणाले, “इतके वर्स दुसऱ्याची वाहली. आता माया पोराची वाहतो, तर तुमाले त्रास होऊन राहिला?” माळावर कोणी नवा आला की मी आधीच सांगायचो, हे माझे वडील. बाबा लाजून बॉल पुसत बसायचे.

मशीन शॉपमध्ये माझा एक मित्र होता, दुर्ग लाइनवरच्या रेल्वेवाल्या मराठी घरातला. तो एकदा तमाशा पाहायला म्हणून आला. मी काठीच्या लांबीला शिव्या घालत होतो. “नाचता येईना अंगण वाकडं,” तो म्हणाला. मग त्यानं काठी माझ्या हातातून घेतली, माझ्या कमरेशी धरून पाहिली आणि त्याचं हसू गेलं. “नाई भौ, तुयं अंगण खरंच वाकडं हाय. सोमवारी घेऊन ये. वरून कापून देतो, मूठ परत बसवून देतो. चहा प्याले लागते तेवढा टाइम.”

बाबा मागेच उभे होते. त्यांनी ती काठी मित्राच्या हातातून काढून घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि बॅगेत घातली. “काठी कापाची नसते,” एवढंच म्हणाले. घरी आल्यावर मी समजावलं, की आता काठी साहेबाची नाही, आपली आहे, तिचे तुकडे करून चुलीत घातले तरी कोणी विचारणार नाही. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांना ते डोक्यात कळत होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर तो झाडाआडचा माणूस उभा होता आणि त्याचे ते भाऊ. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती मला जरा उशिरा समजली. काठी कापायची म्हणजे बाबांनी चुकीची काठी निवडली असं म्हणायचं. आयुष्यात ज्या एका गोष्टीतलं आपल्याला कळतं असं त्यांना वाटत होतं, तीही गेली म्हणायचं.

मग डोळ्यांचं कळलं. बाबा दाराच्या चौकटीवर आपटायला लागले, ताटाशेजारची वाटी त्यांना दिसेना. दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, भला होता. काचबिंदू, तो म्हणाला. कडेची नजर गेली आहे, मधली थोडी उरली आहे, तीही जाईल. गेलेली परत येत नाही. किती दिवस, मी विचारलं. त्यानं हात पसरले. त्या पसरलेल्या हातांचा मला इतका राग आला की मी नमस्कार न करता बाहेर पडलो. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या बॉलवर नजर ठेवली, त्याची नजर त्याच्या स्वतःच्या कामाला यायच्या वेळी संपावी, याला काय म्हणायचं? आम्ही देव तर आधीच काढून टाकला होता, म्हणजे शिव्या द्यायलाही घरात कोणी नव्हतं.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. घराकडे येताना म्हणाले, “मले काही दुःख नाही. बस, एक बार तुया बॉल वर गेलेला पाहाचा हाय. वर, म्हणजे असा, खाली येतो का नाही येत असं वाटलं पाहिजे.”

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते निव्वळ हताशपणाचे. मी ड्युटीआधी माळावर जायला लागलो. भोंगा व्हायच्या आत, धुरांड्यांच्या मागे अजून उजाडतंय, आणि मी एकटा मुरूम बडवतोय. हाताला फोड आले, फुटले, परत आले. ऑफिसात पेन्सिल धरवेना. जितकं जास्त करावं तितकं वाईट व्हायला लागलं. आधी दोन हात तरी जाणारा बॉल आता काठीला लागेनासा झाला. एका रात्री जेवायला बसलो. बायको म्हणाली, “तो खेळ हाय का सजा हाय?” मी ताट सरकवून उठलो. रात्री झोप मला लागायची. पण सकाळी जाग आली की पहिला विचार तोच यायचा, की आज बाबांना काल दिसत होतं त्याच्यापेक्षा कमी दिसत असेल, आणि मला काल येत होतं त्याच्यापेक्षा जास्त काहीही येत नाही.

शेवटी मी हात जोडले. “बाबा, कापू द्या. आखूड झाली तर बॉल जाईन वर. मले खातरी हाय.”

बाबा बॅगेच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “या ऐतवारपर्यंत थांब. या ऐतवारी नाही गेला, तर काप.” आणि उठून भिंत चाचपत आत गेले.

मी मित्राला सांगून टाकलं, सोमवारी आणतो. मला खरं तर सुटल्यासारखं झालं. ऐतवार कसाही जावो, सोमवारपासून काठी माझ्या मापाची असेल आणि बाबांची नजर तेवढी तरी टिकेल.

त्या ऐतवारी वारा नव्हता. माळावर आम्ही दोघंच होतो. बाबांनी बॅग घेतली, मी त्यांचा दुसरा हात धरला, तो त्यांनी सोडवला नाही. पहिल्यांदाच. मुरमाचा एक उंचवटा होता, तिथून मारायला सुरुवात करायची. मी मारलं आणि बॉल दोन हात गेला. परत ठेवला, मारला, झुडपात. बाबा मागे उभे, कपाळावर हात आडवा धरून, बॅगवाले जसे उभे राहतात तसे. मी परत मारलं, परत तेच.

“आता मोठी घे,” बाबा म्हणाले. बॅगेत हात घालून, चाचपून, त्यांनी लाकडाच्या डोक्याची काठी मला दिली. “हळू मार. घाई नोको करू.”

मी मारली. काठी मुरमात रुतली, तिथून उसळून एका दगडावर बसली आणि टणकन आवाज आला, अगदी स्वच्छ, कोरडा. बॉल काठीच्या टोकाला निसटता लागून बाजूच्या चरात पडला. मला तो पडताना दिसला. पाय उचलून दोन पावलं टाकली असती तर हाताला आला असता.

आणि बाबांनी मान वर केली.

कपाळावरचा हात तसाच. चेहरा हळूहळू वर जात गेला, धुरांड्यांच्या वर, त्याच्याही वर. तिथं काही नव्हतं, रिकामं आभाळ होतं. मग चेहरा तितक्याच हळू पुढे सरकत खाली आला, दूर, माळाच्या पार त्या टोकाला. तोंड जरासं उघडं होतं.

“गेला,” ते म्हणाले. “गेला रे! पाह्यला म्या. काय गेला बापा!”

मी त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो.

“म्या म्हटलं नव्हतं? काठी चांगली हाय म्हणून? म्या म्हटलं नव्हतं?”

“म्हटलं होतं, बाबा.”

त्यांनी बॅग खांद्यावर घेतली आणि निघाले. हात धरायलाही थांबले नाहीत. जिथं बॉल पडला असं त्यांना दिसलं होतं, तिथवर ते सरळ चालत गेले, ठेचकाळत, पण न थांबता. मी मागे. माळाच्या टोकाला जाऊन ते थांबले आणि पायानं जमीन चाचपायला लागले. इकडे, तिकडे. बॉल शोधून त्याच्याजवळ उभं राहायचं हे त्यांचं काम होतं, आणि ते काम त्यांना येत होतं. “इथंच पडला,” ते म्हणत होते, “इथंच कुठं तरी.” त्यांचा आवाज घाबरल्यासारखा व्हायला लागला होता. कामठीत बॉल हरवल्यावर तो असाच होत असेल.

माझ्या खिशात दुसरा बॉल होता, कोरा. मी तो त्यांच्या पायाजवळ हळूच सोडला.

“हा काय, बाबा. तुमच्या पायापाशीच हाय.”

ते वाकले. बॉल उचलला आणि बोटांत फिरवला. आमचे बॉल तेलानं चिकट झालेले असायचे. हा गुळगुळीत होता, नवा. बाबा तो फिरवत राहिले, थोडा वेळ. त्यांना कळलं की नाही, हे मला आजपर्यंत ठाऊक नाही. मग त्यांनी तो धोतराच्या सोग्याला नीट पुसला, पुसण्यासारखं त्यावर काही नसताना, आणि माझ्या हातात दिला. “चाल,” ते म्हणाले, “घरी सांगू सूनबाईले.”

घरी त्यांनी सांगितलं. शेजारी सांगितलं. बॉल किती वर गेला, कसा थांबल्यासारखा झाला, कसा उतरला. पावसाळा यायच्या आत त्यांची उरलेली नजर गेली, आणि नंतर दाराशी कोणीही आलं की ते हेच सांगायचे. दरवेळी तो आणखी थोडा वर जायचा.

पण ते पुढचं. त्या ऐतवारच्या दुसऱ्या दिवशी मशीन शॉपच्या दाराशी मित्र वाट पाहत होता. माझे हात रिकामे पाहून म्हणाला, “काठ्या कुठं हायत? कापाच्या नाहीत?”

“नाही,” मी म्हटलं. “काल गेला बॉल.”

“वर गेला?” त्याला खरंच आनंद झाला. “किती वर?”

“बाबाले विचार,” मी म्हटलं, आणि ड्युटीवर गेलो.